पंतोजी ते क्लास : शिकवणीच्या वाटेचा मागोवा

दरवर्षी पास्काच्या सणानंतर घरांच्या आशीर्वादासाठी आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांच्या भेटीला निघतो. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. कुणी रेल्वेत आहे, कुणी खोपोलीच्या कारखान्यात पाळी करतो, कुणी पहाटेची लोकल धरून मुंबई गाठतो. संध्याकाळी सातच्या सुमारास घरी गेले तर मुले भेटत नाहीत, हे आता आमच्या अंगवळणी पडले आहे. सुट्टीचे दिवस असले तरी पुढच्या वर्षी दहावीला जाणाऱ्यांची ‘व्हेकेशन बॅच’ चालू असते. मुले कुठे, असे विचारले की आई किंचित ओशाळून सांगते, “फादर, क्लासला.”

काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सेत आम्ही याच विषयावर पालकांची कठोर कानउघाडणी केली होती. शाळा जे शिकवते तेच पुन्हा विकत का घेता, रविवारी क्लासची चाचणी असते म्हणून धर्मशिक्षणाचा वर्ग ओस का पडू देता, असे आम्ही विचारले. मिस्सा संपल्यावर एक माता भेटायला आली. तिचे म्हणणे साधे होते. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. नवरा रात्री साडेदहाला घरी येतो. मुलीच्या वह्या इंग्रजीत. गणित चुकले की बरोबर आले हे तिला कळत नाही. “मग तुम्ही तपासाल का, फादर?” असे तिने विचारले. त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. आमच्याजवळ मात्र उत्तर नव्हते. पुढे तिच्या प्रश्नाचा मागोवा घेत आम्ही थोडा इतिहास वाचला. पालकांना दोष देण्याची घाई आपण केली, हे तो वाचताना ध्यानी आले. त्या वाचनाचा हा गोषवारा.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या देशात पैसे देऊन शिकवणे हे शाळेच्या आधीपासूनचे आहे. इंग्रजी अमदानीपूर्वी महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळा होत्या. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या देवळात पंतोजी मुले जमवीत आणि धुळाक्षरे, पाढे, मोडी आणि हिशेब शिकवीत. पंतोजींचा चरितार्थ पालकांच्या देण्यावर चाले. कुणी पैसे देई, कुणी धान्य, कुणी सणासुदीला शिधा. आज ज्याला आपण खासगी शिकवणी म्हणतो, तीच त्या काळी शाळा होती. ज्याच्या घरी देण्याजोगे काही नव्हते, आणि ज्याच्या जातीला ओसरीवर चढण्याची मुभा नव्हती, तो अर्थातच बाहेर राहिला.

युरोपातही चित्र फारसे वेगळे नव्हते. श्रीमंताच्या घरी शिक्षक येई. कारागिराचा मुलगा फी घेणाऱ्या लेखनगुरूकडे जाई. गरिबाचा मुलगा रस्त्यावर राही. १५९७ साली रोममधील ट्रास्तेवेरे या वस्तीत संत जोसेफ कालासान्झ यांनी गरिबांच्या मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडली. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनी तेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. १६८८ मध्ये ते पॅरिसला आले, तेव्हा तेथील लेखनगुरूंच्या संघाने त्यांच्यावर फिर्यादी गुदरल्या. फी देऊ शकणारी मुलेही या विनामूल्य शाळेत जातात आणि आमचे पोट मारले जाते, ही त्यांची तक्रार होती. ला साल यांनी मात्र दारात उभ्या असलेल्या मुलाकडून गरिबीचा दाखला मागण्यास नकार दिला. विनामूल्य शाळा आणि विकतची शिकवणी यांच्यातील ओढाताण तीनशे वर्षांहून जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे. शाळा चांगली आणि सर्वांना खुली असेल, तेव्हाच शिकवणीचे गिऱ्हाईक घटते, हाही त्यातला धडा.

आपल्याकडे विकतच्या शिकवणीला आजचे रूप आले ते परीक्षेमुळे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या परीक्षेत उतरलेल्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. सरकारी नोकरी, वकिली, मानमरातब यांकडे जाणारा दरवाजा आता एका परीक्षेत येऊन अरुंद झाला. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात अनेक शाळांचे अनुदान विद्यार्थ्यांच्या निकालावर ठरू लागले. इन्स्पेक्टर साहेब येणार, मुले तपासणार आणि उत्तीर्णांच्या संख्येवर शाळेला पैसे मिळणार. शिकणे आणि परीक्षेला बसणे या दोन गोष्टींची गल्लत तेव्हापासून आपल्या व्यवस्थेच्या हाडीमाशी भिनली आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी, वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा खर्च होतो आणि शेतकऱ्याच्या मुलाचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, असे बजावले होते. ते पुरतेपणी कुणी ऐकले नाही.

शिकवणी घेणाऱ्या माणसाला खलपुरुष ठरवणेही इतिहासाला धरून होणार नाही. लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर चरितार्थासाठी पुण्यात कायद्याचा क्लास चालवला. वकिलीच्या परीक्षांची तयारी करून घेणारा तो खासगी वर्गच होता. कर्मवीर भाऊराव पाटील तरुणपणी साताऱ्यात शिकवण्या करीत आणि लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखीत. त्याच मास्तरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे नव्हते, अशांसाठी वसतिगृहे उभी केली. ज्याने फी घेऊन शिकवले, त्यालाच फी न देणाऱ्याची आठवण राहिली. आज क्लास चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी ही गोष्ट विसरू नये.

आता आपल्या कर्जत-खालापूरकडे वळू. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या या मुलखात आगगाडी फार लवकर आली. १८५६ साली लोहमार्ग खोपोलीपर्यंत पोचला आणि १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाला. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी जाऊ लागली. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे वीजनिर्मिती केंद्र सुरू झाले. म्हणजे रेल्वे, वीज आणि पर्यटक या तिन्ही गोष्टी आपल्या दारी आल्या, तेव्हा मुंबईपासून शंभर किलोमीटरवरच्या या डोंगरवाड्यांतील बहुसंख्य मुलांनी पाटीला हात लावला नव्हता. घाट खोदणारे मजूर होते, डबे ओढणारी इंजिने होती. शाळा मात्र मोजक्याच गावी.

या उणिवेची खंत ज्यांना लागली, त्यांत हुतात्मा भाई कोतवाल यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ साली माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले आणि सनदेचा उपयोग त्यांनी कर्जत तालुक्यातील कुळांसाठी व आदिवासींसाठी केला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते गोळीला बळी पडले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधी त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने खेड्यापाड्यांत शाळा चालवल्या होत्या, हे सहसा कुणी सांगत नाही. सरकारी शाळा जेथे पोचत नाही, तेथे शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याजवळ जाऊन बसावे, एवढीच त्यामागची कल्पना. तीही एका अर्थी शिकवणीच होती; तिला फी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या. जिल्हा परिषदेच्या शाळा वाड्यांवर गेल्या. कर्जत, नेरळ, खोपोली येथे लोकांनी वर्गणी काढून हायस्कुले उभारली. पण शाळा वाढल्या तशा परीक्षाही वाढल्या. शिष्यवृत्तीची परीक्षा आधी चौथी-सातवीला होती, पुढे ती पाचवी-आठवीला आली. १९७५ साली जुन्या अकरावीच्या मॅट्रिकची जागा दहावीच्या शालान्त परीक्षेने घेतली. त्या काळात बहुतेक शाळांत ‘जादा तास’ असत. शाळा सुटल्यावर शिक्षक दिवेलागणीपर्यंत थांबत आणि कच्च्या मुलांकडून गणिते सोडवून घेत. आमचे स्वतःचे दहावीचे बीजगणित अशाच जादा तासांत सुधारले. त्याबद्दल घरून कुणाला पैसे दिल्याचे आम्हांस आठवत नाही.

मग बदलले काय? आमच्या मते तीन गोष्टी बदलल्या.

पहिली भाषा. स्वातंत्र्यानंतर खेर सरकारच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढले गेले आणि ते आठवीपासून शिकवले जाऊ लागले. जानेवारी १९५४ मध्ये राज्य सरकारने इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाच्या मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये, असा आदेश काढला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दाद मागणाऱ्यांत एक भारतीय ख्रिस्ती पालकही होते. त्याच वर्षी न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पुढे सन २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, आणि तालुक्याच्या गावोगावी इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या. या धोरणांच्या बऱ्यावाइटाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परिणाम तेवढा पाहावा. पाचवीत किंवा आठवीत इंग्रजी अक्षरे गिरवलेले आईबाप आणि बालवर्गापासून इंग्रजीत शिकणारी मुले एकाच छपराखाली आली. आईबापांनी मुलांसाठी जी भाषा निवडली, तीच त्यांच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या आड उभी राहिली. त्या मातेचा प्रश्न येथे जन्मतो.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षेची जागा. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुभा मिळाली आणि इंजिनिअर होण्याचे स्वप्न मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीतील मुलांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकू लागली आणि पाठोपाठ क्लासच्या जाहिरातींतही दिसू लागली. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घरोघरी गेला. १९९९ पासून राज्यात सामायिक प्रवेश परीक्षा आली; पुढे वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर ‘नीट’ लागू झाली. बारावीच्या वर्गात शिकवतात एक आणि प्रवेश ठरतो दुसऱ्याच परीक्षेवर, अशी स्थिती झाली. तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि दिवसभर क्लासमध्ये मुक्काम, हा प्रकार रूढ झाला. २०१८ मध्ये शासनाने काही शहरांतील विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो याच कारणाने. कर्जतचा मुलगा कल्याणला, खोपोलीचा मुलगा पनवेलला किंवा घाट चढून पुण्याला क्लाससाठी जातो, त्याचेही मूळ येथेच आहे.

तिसरी गोष्ट वेळ. कर्जतहून मुंबईला जलद लोकलने दोन तास लागतात. जाऊन येऊन चार, शिवाय कामाचे आठ-नऊ. खोपोलीच्या पोलाद, पाइप व कागदाच्या कारखान्यांत तिन्ही पाळ्या. पूर्वी घरात आजोबा, काका, थोरला भाऊ, कुणीतरी असे. लिहित्या-वाचत्या जातींच्या घरी तर पिढ्यान्‌पिढ्या फुकटचा पंतोजी बसलेला असे. त्याला कुणी शिकवणी म्हणत नसे इतकेच. चार मुलांना समोर बसवून कविता म्हणवून घेणारा तो माणूस शाळेच्या यशात मुकाट्याने भर घालीत होता. आपल्या बहुतेक कुटुंबांत असा माणूस कधी नव्हताच, आणि जेथे होता तेथे तो आता गाडीत लोंबकळत असतो. आपले पालक क्लासची फी भरतात तेव्हा इतरांना वारशात मिळालेली ही गोष्ट ते रोख पैसे मोजून घेत असतात. आम्ही व्यासपीठावरून ज्याला हौस म्हटले, ती पुष्कळदा घरातल्या रिकाम्या पाटाची भरपाई होती.

मात्र येथेच थांबलो तर अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. या भरपाईत दुसरेही काही मिसळले आहे, ते भय. नेरळ-भिवपुरीचा प्रवासी बसायला जागा मिळावी म्हणून पुष्कळदा आधी उलट कर्जतला येतो आणि तेथून मुंबईची गाडी धरतो. पहिल्यांदा हे दहाजणांनी केले तेव्हा त्यांना खिडकी मिळाली. सगळेच करू लागले तेव्हा खिडकी कुणालाच खात्रीची राहिली नाही. प्रत्येकाचा अर्धा तास मात्र गेला, आणि कर्जतच्या माणसालाच उभे राहावे लागले. शिकवणीचे असेच झाले आहे. कच्च्या मुलाचा आधार म्हणून जी सुरू झाली, ती हुशार मुलाची आघाडी झाली, आणि आता ती कुणालाही सोडता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या नमुना सर्वेक्षणात देशातील सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के आणि खेड्यांत २५ टक्क्यांच्या थोडे वर होते. खेडीही या शर्यतीत फार मागे नाहीत.

बंदी घालून हे थांबेल काय? दक्षिण कोरियाच्या लष्करी राजवटीने १९८० साली खासगी शिकवणीवर बंदी आणली. शिकवण्या चोरून चालू राहिल्या, जोखमीमुळे महागल्या, आणि २००० साली तेथील घटना न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. चीनने २०२१ साली शालेय विषयांच्या नफेखोर क्लासवर कडक निर्बंध घातले. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रात प्रवेश देऊ नये, असे सांगितले. हे नियम आवश्यक आहेत, पण अरुंद दरवाजा आणि रिकामे घर ही दोन कारणे जोवर आहेत तोवर पालक दुसरी वाट शोधणारच. शिक्षकाला शिकवणी घेऊ नको म्हणताना शाळेतले जादा तासही विझून गेले, हे नुकसान तर कुणी मोजलेच नाही.

या साऱ्या शर्यतीत जो धावतच नाही, त्याचा विचार कोण करणार? आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी आणि ठाकर बांधवांच्या वाड्या आहेत. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचे शाळेतले नाव कायम राहते, मूल मात्र भट्टीवर असते. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलाला निवारा मिळतो. पण त्याच्या वहीतली चूक रात्री बसून दाखवणारे माणूस त्याच्याजवळ क्वचितच असते. आपण फी भरून आपल्या मुलाला एक पाऊल पुढे नेतो, तेव्हा ते मूल जागचे न हलताही आणखी एक पाऊल मागे पडते. हे आपण हेतुपुरस्सर करीत नाही. पण होते ते असे.

त्या मातेच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हांस उशीर लागला. आता शाळेच्या दिवसांत धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ अभ्यासिका उघडी असते. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी गणित पाहतात, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली इंग्रजी, आणि आम्ही स्वतः मराठीचे निबंध तपासतो. फी नाही, आणि ला साल यांच्या रीतीप्रमाणे गरिबीचा दाखलाही नाही. ज्याला कुणी जवळ बसणारे नाही, त्याच्याजवळ बसायचे, एवढाच नियम. जवळच्या वाडीतली पाच कातकरी मुले येतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांतली तीन भट्टीवर गेली. जूनमध्ये दोन परत आली.

याने क्लास बंद झालेले नाहीत आणि प्रवेश परीक्षाही सोप्या झालेल्या नाहीत. ज्यांना वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला जायचे आहे ती मुले आजही पनवेलची गाडी धरतात, आणि त्यांना आम्ही अडवत नाही. पालकांना आमचे मागणे एवढेच आहे. क्लास लावण्यापूर्वी मुलाला नेमके काय अडते ते एकदा त्याच्या शाळेतील शिक्षकांना जाऊन विचारा. पालकसभेत जादा तासांची मागणी लावून धरा. आणि तुमच्या घरातले जे मूल शिकून पुढे गेले आहे, त्याला आठवड्यातली एक संध्याकाळ दुसऱ्याच्या मुलासाठी द्यायला सांगा.

ती माता आता अभ्यासिकेत सतरंज्या घालायला येते. तिची मुलगी दहावी होऊन कॉलेजात गेली. इंग्रजी पाहणाऱ्या त्या दोन मुलींपैकी एक तिचीच आहे.